चाळीस मिनिटांत बाहेर: ऑनलाइन गेमिंग स्पर्धांची आखणी कशी सुधारता येईल

रविवारी सकाळी अकराला काउंटर-स्ट्राइक या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेमची मॅच सुरू झाली आणि पावणेबाराच्या आत संपली. हरलेल्या टीममधली पाच पोरं चार गावांत बसलेली होती. दोघं परभणीत, एक संभाजीनगरला, एक पुण्यात हॉस्टेलवर आणि एक नाशिकला मामाकडे, कारण मामाकडचं इंटरनेट बरं. महिनाभर जेवणं उरकून रात्री दहा ते एक स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, खेळलेली टीम. राउंडच्या हिशेबात १३-११ असा निसटता पराभव झाला. स्पर्धा बाद पद्धतीची, त्यामुळे त्यांचा रविवार तिथेच आटोपला. मी त्या स्पर्धेत ॲडमिन होतो. त्यांच्या कॅप्टनने डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मला विचारलं, "दादा, अजून एखादी मॅच मिळेल का?" माझ्याकडे द्यायला मॅच नव्हती.

तेव्हापासून मी स्पर्धांच्या आखणीकडे नीट बघायला लागलो. स्पर्धा भरवायची म्हटलं की आपण बक्षिसाची रक्कम ठरवतो, पोस्टर करतो, यूट्यूबवर लाइव्ह कोण करणार ते बघतो. कोण कोणाशी, कोणत्या क्रमाने, किती वेळा खेळणार हे मात्र शेवटच्या रात्री एखाद्या वेबसाइटवर सोळा नावं टाकून उरकतो. खरी स्पर्धा तर तिथेच ठरते. आणि ती कशी झाली हे विजेत्याला विचारून कळत नाही, कारण विजेता खूशच असतो. नवव्या क्रमांकाच्या टीमला विचारावं. त्यांना किती मॅच मिळाल्या, त्या बरोबरीच्या टीमशी झाल्या का, हरल्यावर का हरलो हे कळलं का? या लेखात मी त्याच नजरेने एकेक गोष्ट उलगडणार आहे.

सर्वांत चांगली टीम किती वेळा जिंकते?

आधी थोडं गणित, शाळेतल्या संभाव्यतेइतकंच. समजा सोळा टीममध्ये एक टीम स्पष्टपणे सरस आहे. कोणाशीही एक मॅप, म्हणजे गेममधल्या एका मैदानावरचा पूर्ण डाव, खेळला तर १०० पैकी ६० वेळा ती जिंकते. बाद पद्धतीत करंडक उचलायला तिला सलग चार मॅच जिंकाव्या लागतात. ०.६ ला चार वेळा गुणलं की ०.१३ येतं. म्हणजे अशा १०० स्पर्धा भरवल्या तर ही सरस टीम जेमतेम १३ वेळा जिंकेल. नुसत्या चिठ्ठ्या टाकून विजेता काढला असता तरी प्रत्येकाच्या वाट्याला शंभरात सहा वेळा विजेतेपद आलंच असतं. एवढी मोठी यंत्रणा उभी करून आपण चिठ्ठीपेक्षा फार पुढे गेलेलो नाही.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे एका मॅपऐवजी तीनपैकी दोन जिंकायचे. त्याने एका लढतीतली शक्यता ६० वरून ६४.८ होते. पाचपैकी तीन ठेवलं तर ६८.३. सुधारणा होते, पण वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. तीन मॅपच्या लढती ठेवून चार फेऱ्यांचा हिशेब केला तर विजेतेपदाची शक्यता १३ वरून साडेसतरा-अठराच्या आसपास जाते. लढत लांबवल्याने नशिबाचा वाटा कमी होतो हे खरं, पण वाटतं तेवढा होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दुहेरी बाद पद्धत. एकदा हरलात की खालच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या जोड्यांच्या तक्त्यात, जायचं, दुसऱ्यांदा हरलात की घरी. सोळा टीमना साध्या बाद पद्धतीत १५ मॅच लागतात, दुहेरीत ३०. मी त्याच ६० टक्क्यांच्या टीमचा दुहेरी बाद पद्धतीतला एकेक रस्ता मांडून बेरीज केली. विजेतेपदाची शक्यता आली १५ टक्के. मॅच दुप्पट आणि फरक दोन टक्क्यांचा! मला आधी वाटलं, बेरीज चुकली. दोनदा तपासली, तेवढंच उत्तर आलं.

मग दुहेरी बाद पद्धत कशासाठी घ्यायची? त्या परभणीच्या टीमसाठी. साध्या बाद पद्धतीत सोळापैकी आठ टीम एकच मॅच खेळून जातात. दुहेरीत प्रत्येकाला किमान दोन मिळतात. स्पर्धेची रचना बदलून "सर्वांत चांगला कोण" या प्रश्नाचं उत्तर फारसं पक्कं होत नाही, पण बाकीच्या पंधरांचा दिवस पार बदलून जातो. आयोजकांनी ही गोष्ट आधी मनावर घ्यावी असं मला वाटतं.

दुहेरी पद्धतीची एक अडचण अंतिम फेरीत येते. वरच्या ब्रॅकेटमधून आलेली टीम एकदाही हरलेली नसते, खालून आलेली एकदा हरलेली असते. दोघींना सारखंच वागवलं तर वरचीवर अन्याय होतो. व्हॅलोरंट या तशाच नेमबाजीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धांमध्ये यावर चांगली तोड काढलेली आहे. अंतिम लढत पाच मॅपची, उपलब्ध मॅप सात, आणि जे दोन मॅप बाद करायचे ते दोन्ही वरच्या ब्रॅकेटची टीम ठरवते. फुकटचा गुण कोणाला मिळत नाही, पण न हरल्याचं काहीतरी मोल राहतं.

स्विस लीग

आता माझ्या आवडीच्या पद्धतीकडे येतो. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना स्विस लीग ठाऊक असते. १८९५ मध्ये झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून नाव स्विस. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं, नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्या संघांत होते. ती स्पर्धा स्विस पद्धतीनेच झाली. खुल्या गटात दोनशेच्या घरात संघ होते, आणि फेऱ्या फक्त ११. साखळी पद्धतीने प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचं म्हटलं असतं तर सहा महिने लागले असते.

स्विसचं तत्त्व एका ओळीत सांगता येतं: प्रत्येक फेरीत आपल्याइतकेच गुण असलेल्याशी खेळायचं, आणि एकदा खेळलेल्याशी शक्यतो पुन्हा नाही. जिंकत गेलात की समोर जिंकणारे येतात, हरत गेलात की हरणारे. दोन-तीन फेऱ्यांत जो तो आपापल्या बरोबरीच्या माणसासमोर येऊन बसतो.

काउंटर-स्ट्राइकच्या मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांमध्ये २०१७ पासून ही पद्धत आली, आणि २०२३ मध्ये लीग ऑफ लेजंड्स या गेमच्या जागतिक स्पर्धेनेही ती घेतली. बुद्धिबळात सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. इथे थोडा बदल आहे. सोळा टीम असतात. तीन मॅच जिंकल्या की पुढच्या टप्प्यात, तीन हरल्या की बाहेर.

सोळा नाणी टेबलावर मांडून हे बघा, लगेच डोक्यात बसतं. पहिल्या फेरीनंतर आठ जिंकलेले, आठ हरलेले. दुसऱ्या फेरीत जिंकलेले जिंकलेल्यांशी, हरलेले हरलेल्यांशी. आता चार टीम २-०, आठ टीम १-१, चार टीम ०-२. तिसऱ्या फेरीत २-० वाल्यांच्या दोन मॅच होतात, त्यातून दोन टीम ३-० होऊन सुटतात. ०-२ वाल्यांमधून दोन टीम ०-३ होऊन बाहेर जातात. बारा उरतात: सहा २-१, सहा १-२. चौथ्या फेरीत आणखी तीन वर जातात, तीन बाहेर पडतात. उरलेल्या सहाही टीम २-२. पाचव्या फेरीत त्यांच्या तीन मॅच, जिंकेल तो आत, हरेल तो बाहेर. आठ पुढे, आठ घरी.

एकूण मॅच किती झाल्या? ८, ८, ८, ६ आणि ३, म्हणजे ३३. साखळी पद्धतीने सोळा टीमना १२० लागल्या असत्या. दुहेरी बाद पद्धतीपेक्षा तीनच मॅच जास्त, पण एकही टीम तीनपेक्षा कमी मॅच खेळून जात नाही. आणि एकही न जिंकता तीन हरून जाणाऱ्या टीम सोळात फक्त दोन. बाकी प्रत्येकाच्या नावावर किमान एक विजय असतो. महिनाभर खपलेल्या पोरांना घरी सांगायला तो एक विजय फार मोठा असतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

शिवाय कुठे वेळ घालवायचा हेही स्विसमध्ये ठरवता येतं. या ३३ मध्ये १३ मॅच अशा असतात की जिंकलं तर पात्र किंवा हरलं तर बाहेर. तिसऱ्या फेरीतल्या चार, चौथीतल्या सहा, पाचवीतल्या तीन. अनेक मेजर स्पर्धांमध्ये या १३ तीन मॅपच्या आणि उरलेल्या २० एका मॅपच्या खेळवल्या गेल्या. ज्या मॅचवर कोणाचं तरी भवितव्य ठरतं तिला जास्त वेळ. आपल्याकडे दिवस एकच असेल तर सगळ्याच एका मॅपच्या ठेवाव्या लागतील. सव्वा तासाची एक फेरी धरली तर पाच फेऱ्या सहा-साडेसहा तासांत बसतात. सकाळी दहाला सुरू केलं तर संध्याकाळी पाचच्या आत आठ टीम ठरलेल्या असतात, आणि बाद फेरी पुढच्या रविवारी तीन मॅपची ठेवता येते.

गुण सारखे असलेल्या टीममध्ये कोण वर, कोण खाली हे ठरवायला बुखोल्झ नावाचं मोजमाप वापरतात. नावाला घाबरू नका. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या प्रत्येक टीमचे विजय वजा पराभव काढायचे आणि त्यांची बेरीज करायची. समजा 'अ' आणि 'ब' दोघी २-१ आहेत. 'अ'च्या तीन प्रतिस्पर्ध्यांची स्थिती ३-०, १-२ आणि १-२. बेरीज: ३ वजा १ वजा १, म्हणजे अधिक १. 'ब'चे प्रतिस्पर्धी २-१, ०-३ आणि १-२. बेरीज: १ वजा ३ वजा १, म्हणजे उणे ३. गुण तेवढेच, पण 'अ'ची वाट जास्त चढणीची होती. म्हणून 'अ' वर, आणि पुढच्या फेरीत तिच्यासमोर त्या गटातली सर्वांत खालची टीम.

ऑनलाइन स्पर्धेत इथेच एक खोडा येतो. बुखोल्झ काढायला फेरीतल्या सगळ्या मॅच संपाव्या लागतात. कोपऱ्यातल्या एका मॅचमध्ये कोणाचा पीसी बंद पडला, अर्धा तास पॉज लागला, की इतर चौदा टीम हेडफोन काढून बसून राहतात. प्रत्यक्ष हॉलमध्ये निदान गप्पा होतात, चहा होतो. घरी बसलेला खेळाडू अशा वेळी उठून जातो आणि परत बोलावताना आणखी उशीर होतो. छोट्या स्पर्धेसाठी माझा सल्ला असा की जोड्या लावताना बुखोल्झ सोडून द्या आणि सुरुवातीचं मानांकनच वापरा. मग २-० चा गट तयार झाला की बाकीच्यांसाठी न थांबता त्यांच्या जोड्या लावता येतात. थोडी अचूकता जाते, पण तास-दीड तास वाचतो. बरोबरी शेवटी सोडवायला बुखोल्झ ठेवा.

मानांकन कोणी द्यायचं?

कबड्डी-खोखोच्या स्पर्धांत भाग्यपत्रिका निघते तशी सरळ चिठ्ठ्या टाकून ब्रॅकेट काढली तर काय होतं? सोळा टीममध्ये सर्वांत चांगल्या दोन टीम ब्रॅकेटच्या एकाच अर्ध्यात पडण्याची शक्यता १५ पैकी ७, म्हणजे जवळजवळ निम्मी. दर दोन स्पर्धांमागे एकीत खरी अंतिम लढत उपांत्य फेरीत किंवा त्याच्याही आधी होऊन जाते. म्हणून मानांकन लागतं. पहिल्या मानांकनाची गाठ सोळाव्याशी, आठव्याची नवव्याशी, आणि पहिले दोन वेगवेगळ्या अर्ध्यांत.

मग मानांकन देणार कोण? ओळखीच्या टीमला आयोजकाने वर बसवलं अशी कुजबुज प्रत्येक शहरात ऐकू येते, आणि वरच्या पातळीवरही चिंता तीच होती. मोठ्या आयोजकांचे काही टीमशी व्यावसायिक करार असायचे, आणि त्यांना आमंत्रणं मिळायची. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये नियम जाहीर केला आणि २०२५ पासून लागू केला: खेळणाऱ्या टीमशी आयोजकाचे असे खास व्यावसायिक संबंध नकोत, आमंत्रणं वाल्व्हच्या क्रमवारीनुसार किंवा खुल्या पात्रता फेरीतून द्यायची, आणि टीमना कसा मोबदला मिळणार ते उघड सांगायचं. खेळाच्या इतिहासातल्या चांगल्या सुधारणांमध्ये मी हिची गणना करतो. क्रमवारी कोणत्या सूत्राने काढली जाते हेही वाल्व्हने सगळ्यांसमोर मांडलेलं आहे, आणि त्यामुळे आक्षेप घेणाऱ्याला निदान आकड्यांवर बोट ठेवता येतं.

गावपातळीवर एवढी क्रमवारी नसते. खेळाडूंच्या गेममधल्या रँकची सरासरी काढावी तर दुसऱ्याच्या किंवा नव्या खात्यावरून खेळणारे निघतात. मला सर्वांत बरी वाटणारी पद्धत म्हणजे मागच्या तीन स्पर्धांतले क्रमांक, आणि नव्या टीमसाठी रँक. सूत्र साधं असू द्या, पण नोंदणी सुरू होण्याआधी जाहीर करा. नावं आल्यानंतर ठरवलेलं सूत्र कितीही प्रामाणिक असलं तरी कोणाला पटत नाही.

हरण्यात फायदा दिसला की

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या बॅडमिंटनमध्ये चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या. त्या मुद्दाम हरायला बघत होत्या. शटल जाळीत मारत होत्या, सर्व्हिस बाहेर टाकत होत्या. पुढच्या फेरीत जाणं पक्कं झालेलं होतं आणि गटात दुसरं आलं तर पुढची वाट सोपी होती. खेळाडूंचं चुकलंच. पण जिंकण्यापेक्षा हरणं फायद्याचं ठरेल अशी साखळी आखणाऱ्यांचंही चुकलं होतं. पुढे बॅडमिंटन महासंघाने गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकायचा नियम आणला, म्हणजे हरून कोण समोर येईल हे आधी कळेनासं झालं.

चार टीमच्या साखळी गटात हा धोका कायम असतो. सहा मॅच होतात, आणि शेवटच्या दोन मॅचपर्यंत एखादी टीम पात्र ठरलेली, एखादी बाद झालेली असते. बाद झालेली टीम ऑनलाइन स्पर्धेत चक्क येतच नाही. समोरच्याला पुढे चाल मिळते आणि तिसऱ्याच टीमचं गणित बिघडतं. कोरियातल्या स्टारक्राफ्ट या गेमच्या जीएसएल लीगमुळे प्रसिद्ध झालेला गट यावर चांगला आहे. पहिल्या दोन मॅच, मग जिंकलेल्यांची आपसांत एक, हरलेल्यांची आपसांत एक, आणि शेवटी जिंकलेल्यांच्या मॅचमधला पराभूत विरुद्ध हरलेल्यांच्या मॅचमधला विजेता. पाच मॅच, दोन पात्र, दोन बाद. सरस-निरस काढायची वेळच येत नाही, आणि एकही मॅच बिनकामाची नसते. स्विसमध्येही तीन विजय झाले की तुमचं खेळणं थांबतं, त्यामुळे मुद्दाम हरायला जागा कमी उरते.

बीजीएमआयचं गणित वेगळं

महाराष्ट्रात कितीतरी पोरं मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असा नेमबाजीचा गेम, खेळतात, आणि तिथे समोरासमोर दोन टीम नसतातच. चार-चार जणांच्या सोळा टीम, म्हणजे ६४ खेळाडू, एकाच लॉबीत, म्हणजे एकाच सामन्यात, उतरतात. प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला १०, पुढे ६, ५, ४, ३, २, मग सातव्या-आठव्याला एकेक, आणि प्रत्येक किलचा, म्हणजे मारलेल्या प्रत्येक खेळाडूचा, एक गुण. झोन, म्हणजे खेळता येण्याजोगा आक्रसत जाणारा भाग, कुठे सरकेल हे कोणाच्या हातात नसतं. एका मॅचमध्ये तुमचं घर झोनच्या मधोमध येतं, दुसऱ्यात तुम्ही उघड्या माळावर पळत असता. म्हणून इथे एकाच मॅचचा निकाल जवळपास काहीच सांगत नाही. तीन मॅचवर विजेता काढणाऱ्या स्पर्धा मला पटत नाहीत. तेच तास असतील तर टीम कमी घ्या आणि मॅच वाढवा. टीम चोवीस असतील तर आठ-आठचे तीन गट करून दोन-दोन गट आळीपाळीने एका लॉबीत खेळवा, सगळ्यांना सगळे भेटतात.

शेवटच्या मॅचचा प्रश्न इथेही आहेच. आघाडीवरची टीम वीस गुणांनी पुढे असेल तर ती कोपऱ्यात लपून बसते आणि न लढता विजेती होते. एपेक्स लेजंड्स या अशाच गेमच्या जागतिक मालिकेत अंतिम फेरीला यावर 'मॅच पॉइंट'ची पद्धत आहे. ५० गुण झाले की टीम विजेतेपदाला पात्र होते, पण करंडक मिळतो तो त्यानंतरची एखादी मॅच पहिल्या क्रमांकाने जिंकल्यावरच. लपून राहून भागत नाही. मागे असलेल्या टीमलाही शेवटपर्यंत आशा असते. एकच अडचण: मॅच किती होतील हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे दिवसाचा शेवट मोकळा ठेवावा लागतो.

पिंग म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा

ऑनलाइन स्पर्धेत मैदान म्हणजे सर्व्हर, आणि तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ म्हणजे पिंग. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. मुंबई ते दुबई याच्या निम्मं. दुबईत किंवा सिंगापुरात राहणारा मराठी मुलगा पुण्याच्या मित्रांच्या टीममधून मुंबईच्या सर्व्हरवर खेळतो तेव्हा तो प्रत्येक वळणावर क्षणभर उशिरा बघतो. इंजिनिअरिंग कितीही सुधारलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

म्हणून सर्व्हर आधीच ठरलेला हवा, आणि दोन टीम लांबच्या असतील तर दोघींचा पिंग जवळपास सारखा येईल असा सर्व्हर निवडावा. एकीला १० आणि दुसरीला ९० येण्यापेक्षा दोघींना ५० येणं न्यायाचं. आणखी एक गोष्ट पोरं नेहमी सांगतात आणि ती खरी आहे: ६० वर स्थिर असलेला पिंग चालतो, ३० वरून १५० वर उड्या मारणारा चालत नाही. मॅचच्या आधी पाच मिनिटं लॉबीत थांबून प्रत्येकाचा पिंग बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. नंतरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

फसवणुकीबद्दल थोडंच सांगतो, कारण छोट्या आयोजकाच्या हातात थोडंच असतं. २०१८ मध्ये शांघायच्या एका काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या भारतीय टीमचा एक खेळाडू चीट, म्हणजे फसवणुकीचं सॉफ्टवेअर, वापरताना सापडला. चीटच्या फाइलचं नाव ठेवलं होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. टीम बाद झाली आणि संस्थेने सगळा संघच मोकळा केला. चार निर्दोष खेळाडूंची मेहनत त्यात बुडाली. २०२० मध्ये तर गेममधल्या एका बगचा वापर करून प्रशिक्षक दुसऱ्या टीमच्या जागा बघत असल्याचं उघडकीला आलं, आणि ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली. ते सापडले कारण जुन्या मॅचचे डेमो, म्हणजे गेममध्येच होणारं रेकॉर्डिंग, जपून ठेवलेले होते. आपण निदान तेवढं करू शकतो: प्रत्येक मॅचचा डेमो किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग महिनाभर ठेवायचं, आणि लाइव्ह प्रक्षेपण काही मिनिटं मागे चालवायचं, म्हणजे कोणी यूट्यूब बघून समोरच्याची जागा शोधणार नाही.

लाइट गेली तर काय?

आपल्याकडच्या स्पर्धेचा नियम लिहायला बसलं की हा पहिला प्रश्न असायला हवा. परदेशातल्या स्पर्धेच्या नियमावलीतून उतरवून घेतलेल्या नियमांत तो सापडत नाही. मधल्या राउंडला कोणाची लाइट गेली, तर पॉज किती मिनिटं? चारच जणांनी पुढे खेळायचं की राखीव खेळाडू येणार? राखीव खेळाडू मधेच चालतो का? काउंटर-स्ट्राइकमध्ये राउंडच्या सुरुवातीची स्थिती साठवलेली असते आणि तिथून मॅच पुन्हा सुरू करता येते, पण ते कोणत्या परिस्थितीत करायचं हे लिहिलेलं नसेल तर हरत असलेली टीम प्रत्येक राउंडला वायर काढेल. पॉजचे एकूण मिनिट मोजा, घटना मोजू नका, असं मी अनुभवाने शिकलो. एका टीमला एका मॅपमध्ये दहा मिनिटं, कितीही वेळा. ती संपली की खेळ पुढे चालणार, टीममध्ये कितीही जण असोत.

मॅचच्या वीस मिनिटं आधी चेक-इन, पंधरा मिनिटं उशीर झाला तर समोरच्याला पुढे चाल, एका वेळी आठ मॅच चालू असतील तर किमान तीन ॲडमिन, आणि ज्याचा भाऊ किंवा मित्र खेळतोय त्या मॅचला तो ॲडमिन नाही. हे सगळं एका पानावर मावतं. आणि ते पान मराठीत लिहा. आमच्या स्पर्धांचे नियम इंग्रजीत होते, कारण सगळ्यांचेच असतात. वाद झाला की कळायचं, निम्म्या कॅप्टननी ते वाचलेले नसायचे. मराठीत लिहिल्यावर जालन्याच्या एका पोराने रात्री बाराला फोन करून चौथ्या नियमातली चूक दाखवून दिली, आणि तो बरोबर होता.

पैशाचं आता सांभाळून करायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यात बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेले आहेत. त्यांच्या मान्यतेची आणि नोंदणीची तरतूद आहे, कामगिरीवर बक्षीस देता येतं, पण प्रवेश शुल्क घ्यायचं ते प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. टीमकडून शंभर-शंभर रुपये गोळा करून तेच विजेत्याला द्यायची आपली जुनी पद्धत त्यामुळे मला धोक्याची वाटते. बक्षीस प्रायोजकाकडून वेगळं यावं, ते स्पर्धेआधी जमा असावं आणि कधी मिळणार ती तारीख नियमांच्या पानावर असावी. बक्षिसाच्या रकमेसाठी तीन-तीन महिने मेसेज करत राहिलेली पोरं मला माहीत आहेत. त्यांच्यातल्या दोन टीम पुन्हा कधी नोंदणीला आल्या नाहीत.

परभणीची टीम मात्र आली. या वेळी स्पर्धा स्विस होती. पहिली मॅच ते १३-९ ने हरले, मॅप सव्वाअकराच्या आत संपला. कॅप्टनचा डिस्कॉर्डवर मेसेज आला, "दादा, पुढची किती वाजता?" मी लिहिलं, साडेअकराला चेक-इन.